ड्रुइडची काठी, घुसाडीचा सोटा



आयोजन समितीनं या मेळाव्यात बोलणाऱ्यांना एकच अट घातली होती. शाळा सुटल्यानंतर ज्या गोष्टीचा नाद लागला, त्यावर बोलायचं. नोकरी, प्लॉट आणि मुलांचे मार्क यांवर बोलायचं नाही. अट चांगली होती. माझी अडचण एवढीच झाली, की माझा विषय ग्रुपवर जाहीर झाल्याबरोबर पहिला निरोप आला, "काय बे, तू या वयात जादूगार-जादूगार खेळतोस म्हणे?" दुसरा निरोप आला, "घरी माहीत आहे का?"

घरी माहीत आहे. आणि हो, मी खेळतो. गेली नऊ वर्षं नागपुरात माझ्या घरी दर रविवारी दुपारी पाच-सहा जण जमतात. जेवणाच्या टेबलावर कागद, पेन्सिली आणि चित्रविचित्र आकाराचे फासे पसरतात आणि संध्याकाळी चहा तिसऱ्यांदा होईपर्यंत आम्ही दुसऱ्याच कुठल्या तरी रानात असतो. त्या खेळातल्या एका लाकडी काठीबद्दल आज बोलणार आहे. सर, काठी म्हटल्यावर आपण हसलात ते मी पाहिलं. आपल्या काठीवरही येतो, जरा दम धरा.

आधी खेळ सांगतो. त्याचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. अमेरिकेतल्या गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांनी तो 1974 साली छापून बाजारात आणला. यात पट लागत नाही, सोंगट्या लागतीलच असं नाही. एक जण गोष्ट चालवतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली एकेक पात्रं होतात. गोष्ट चालवणारा म्हणतो, "समोर नदी आहे, पलीकडे धूर दिसतोय, काय करता?" मग ज्यानं-त्यानं आपल्या पात्राच्या स्वभावाप्रमाणे काय ते ठरवायचं. जमेल की नाही याची शंका असेल तिथं वीस बाजूंचा फासा टाकायचा. संवाद कोणाचेच पाठ नसतात. गणपतीत आपल्या गावात सोंगं निघायची ना, वेळेवर जे सुचेल ते बोलायचं? तसंच. फक्त इथं गोष्ट वर्षभर चालते.

या खेळात पात्रांचे प्रकार ठरलेले आहेत. योद्धा, चोर, पुजारी, मांत्रिक. त्यातला एक प्रकार ड्रुइड. हा 1976 च्या एका पुरवणी पुस्तकातून खेळाडूंसाठी आला. ड्रुइड म्हणजे रानाचा माणूस. त्याची सगळी विद्या झाडं, पाऊस, जनावरं यांच्याकडून आलेली. तो धातूचं चिलखत अंगावर घेत नाही. त्याच्या हातात असते एक लाकडी काठी.

ती काठी दोन तऱ्हांनी कामाला येते. एक साधी तऱ्हा. ड्रुइड मंत्र म्हणतो आणि हातातलं साधं दांडकं काही वेळापुरतं भारून जातं, एरवीपेक्षा जोरात लागतं. त्या मंत्राचं नाव शिलेली. हे नाव आयर्लंडमधल्या खऱ्या दांडक्याचं आहे. तिकडच्या एका काटेरी झुडपाच्या किंवा ओकच्या लाकडाचं, मुठीला गाठ असलेलं जाडजूड दांडकं. दुसरी तऱ्हा म्हणजे मुळातच जादूची काठी. तिला मी मराठीत वनराईची काठी म्हणतो. तिच्यात दहा मात्रा शक्ती भरलेली असते. एक मात्रा खर्च केली की जनावराशी बोलता येतं, तीन मात्रा खर्च केल्या की झाडाशी, सहा मात्रांत काट्यांची भिंत उभी राहते. रोज पहाटे शक्ती थोडी-थोडी परत भरते. पण शेवटची मात्रा वापरली तर फासा टाकावा लागतो, आणि फाशावर एक पडला तर जादू कायमची जाते. हातात उरतं ते नुसतं लाकूड.

तिची मला सगळ्यांत आवडणारी करामत वेगळीच आहे. काठीचं एक टोक चांगल्या मातीत रोवायचं. ती साठ फूट उंचीचं, हिरवंगार, जिवंत झाड होते. काम झालं की बुंध्याला हात लावून शब्द म्हणायचा, पुन्हा काठी.

आता सरांच्या काठीकडे येतो. आपल्या वेळी शाळेमागच्या कुंपणाला निरगुडी होती आणि तिचा फोक तोडून आणायचं काम ज्याला मार पडायचा त्यालाच असायचं. त्या काठीची शक्ती पहाटे भरायची की नाही ठाऊक नाही, पण शेवटच्या तासापर्यंत ती संपलेली मी पाहिली नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं तिच्यातली जादू काढून घेतली. हे बरंच झालं, असं आज आपणही म्हणता, सर. पण निरगुडीचं पान चोळल्यावर वास कसा येतो, कोवळा फोक कसा लवतो आणि जुना कसा मोडतो, हे आमच्या पिढीला कळलं ते त्या फोकामुळेच. माझ्या मुलीला निरगुडी दाखवली तर ती ओळखत नाही. ड्रुइडच्या काठीला कोणतं लाकूड वापरावं, यावर मात्र ती अर्धा तास बोलते.

तिच्या तोंडी लाकूड एकच असतं, ओक. का, तर पुस्तकांत तेच आहे. आमच्या टेबलावर मी एक नियम केला: आपली गोष्ट ज्या रानात घडते तिथलंच लाकूड वापरायचं. मग मला स्वतःला अभ्यास करावा लागला. आपण यवतमाळ जिल्ह्यातले, साग म्हटला की छाती फुगते. पण काठीला साग कामाचा नाही. दार-खिडकीला, तुळईला, पलंगाला त्याच्यासारखा तोच, कारण त्यात तेल असतं, वाळवी लागत नाही, ऊन-पावसात तो वाकत नाही. पण दणका बसला की साग तडकतो. कुऱ्हाडीच्या दांड्याला, गाडीच्या आसाला जुने लोक धावडा घ्यायचे. चिवट, लवचीक, धक्का पचवणारा. इंग्रजीत या झाडाचं नावच मुळी आसाचं लाकूड असं आहे. नांगराला आणि गाडीच्या इतर भागांना तिवस. हातात धरायच्या काठीला बांबूच, आणि तोही भरीव मानवेल. पोलिसांची लाठी त्याचीच. पोकळ बांबूपेक्षा याच्या मधली पोकळी फार लहान, खालच्या बाजूला तर जवळजवळ नसतेच, म्हणून तो दणका सोसतो.

आणि रोवली की झाड होणारी काठी? तिला तर जादूचीही गरज नाही. शेवग्याची फांदी पावसाळ्याच्या तोंडावर जमिनीत रोवून पाहा. पांगाऱ्याची रोवा, मोईची रोवा. कुंपणाला खांब म्हणून ठोकलेली ही लाकडं दोन महिन्यांत पालवतात. आपल्यातल्या निम्म्या लोकांच्या वाडीचं कुंपण अशाच काठ्यांचं झालेलं आहे. अमेरिकेतल्या त्या दोघांना हे दिसलं असतं, तर त्यांनी यासाठी एक मात्रासुद्धा खर्ची घातली नसती.

इथपर्यंत गंमत झाली. आता जरा अवघड भागाकडे येतो.

खेळातला ड्रुइड रानात जातो आणि काठी तोडून आणतो. त्याला कोणी अडवत नाही. आज या सभागृहात आपल्या वर्गातले दोन मित्र शेजारी-शेजारी बसले आहेत. एक वनखात्यात आहे. दुसरा पोडावरचा, कोलाम, ज्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या बांबूच्या टोपल्या, सुपं, ताटवे होतात. 1927 च्या भारतीय वन कायद्यात झाडाच्या व्याख्येत बांबूही बसवला होता. वनस्पतीशास्त्राच्या बाईंनी आपल्याला शिकवलं, की बांबू हे गवत आहे. परीक्षेत तसं लिहिलं की गुण मिळायचे. रानात तसं वागलं की गुन्हा व्हायचा. आपला एक मित्र टोपलीसाठी बांबू आणायचा आणि दुसऱ्याचं काम त्याला थांबवणं हे होतं. दोघंही दहावीला एकाच बाकावर होते.

2006 च्या वनहक्क कायद्यानं बांबूला गौण वनोपज म्हटलं आणि त्यावरचा हक्क रानात राहणाऱ्यांना दिला. तरी प्रत्यक्षात तो हातात यायला वेळ लागला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला आपल्या रानातला बांबू स्वतः विकण्यासाठी वाहतूक परवान्याचा अधिकार मिळाला तो 2011 साली. रानाबाहेर, शेतात लावलेला बांबू झाडाच्या व्याख्येतून निघाला तो 2017 साली. म्हणजे आपण दहावी झालो 1995 ला, आणि आपल्या या मित्राची बांबूची काठी पूर्ण कायदेशीर व्हायला आणखी दहा-वीस वर्षं गेली. हे दोघं आज एकमेकांच्या ताटातलं खात आहेत, यात दोघांचाही मोठेपणा आहे. टाळ्या त्यांच्यासाठी वाजवा.

काठीची दुसरी बाजू आपल्या जिल्ह्यानं 2016 ते 2018 मध्ये पाहिली. राळेगाव आणि पांढरकवडा भागात टी-1 वाघिणीच्या भीतीनं माणसं टोळीनं रानात जायची. लोक तिला अवनी म्हणायचे. 13 माणसांचे मृत्यू तिच्या नावावर मोजले गेले. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री बोराटीच्या रानात तिला गोळी घातली गेली. देशभर वाद झाला, तो अजून संपलेला नाही. मला त्या वादात आज पडायचं नाही. मी एवढंच सांगतो, की त्याच काळात माझ्या टेबलावर एक मुलगा दोन मात्रा खर्च करून जनावर कुठं आहे ते शोधत होता आणि एका मात्रेत त्याच्याशी दोस्ती करत होता. आणि इकडे आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीचा दीर रोज सकाळी बकऱ्या घेऊन, हातात काठी घेऊन, त्याच रानात जात होता. तिनं मला फोनवर सांगितलं, "काठीनं वाघ काय मरत नाही रे. पण हातात काही नसलं तर पाय उचलत नाही." त्या रविवारी मी गोष्ट पुढे नेऊ शकलो नाही. नुसते फासे हातात घेऊन बसलो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

आमच्या टेबलावर तीन वर्षांपूर्वी एक नवा मुलगा आला. नागपुरात वसतिगृहात राहून शिकणारा, झरी जामणी तालुक्यातल्या गोंड कुटुंबातला. मला काका म्हणतो. त्यानं पात्र निवडलं ड्रुइड. पहिल्याच दिवशी मी वनराईच्या काठीचे नियम वाचून दाखवले. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "काका, अशी काठी आमच्या घरी आहे. आजोबांची."

तुमच्यापैकी पैनगंगेच्या बाजूला राहणाऱ्यांना दंडारी सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. झाडीपट्टीतली दंडार हे लोकनाट्य, ते वेगळं. ही दंडारी म्हणजे कोजागिरीनंतर सुरू होऊन दिवाळीनंतर सुटणारा गोंड आणि कोलाम गावांचा नाच. गावाची मंडळी वाजतगाजत दुसऱ्या गावाला पाहुणी म्हणून जाते, तिथं नाचते, जेवते, नाती जुळतात. अलीकडे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडचा किनवट भाग आणि पलीकडे तेलंगणातला आदिलाबाद, सगळीकडे ही चालते. नदी दोन राज्यांच्या मधून जाते, दंडारी नदीवरून जाते. या मंडळीत असतो घुसाडी. डोक्यावर मोरपिसांचा मोठा मुकुट, अंगाला राख, खांद्यावर कातडं, कमरेला-पायाला घुंगरं आणि हातात लाकडी सोटा. काही भागांत त्याला गंगाराम सोटा म्हणतात. घुसाडी थट्टा करतो, पोरांना भिववतो, बायांना हसवतो, आणि तरी दंडारीच्या त्या दिवसांत तो माणूस नसून देवाचा असतो. त्याचा सोटा दुखणाऱ्या अंगाला लागला की दुखणं जातं, अशी श्रद्धा आहे.

क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ नावाचे ऑस्ट्रियन अभ्यासक 1940 च्या दशकात आदिलाबादच्या मारलवाई गावात राहिले. आदिलाबादच्या राजगोंडांवरचं त्यांचं पुस्तक 1948 साली आलं. त्याच मारलवाईचे कनक राजू. आयुष्यभर त्यांनी घुसाडी नाच केला आणि तरुणांना शिकवला. 2021 च्या पद्मश्रींच्या यादीत त्यांचं नाव होतं. ऑक्टोबर 2024 मध्ये ते गेले.

तर त्या मुलाच्या डोक्यात कल्पना आली. "काका, आपल्या खेळात घुसाडीचा सोटा आणू. दहा मात्रा, पहाटे भरतात, सगळे नियम तेच. ओक कशाला पाहिजे?" टेबलावरच्या सगळ्यांना ती आवडली. मलाही आवडली. माझाच तर नियम होता, आपल्या रानातलं घ्यायचं. पण काहीतरी टोचत होतं. मी म्हटलं, "आधी आजोबांना विचारू."

मागच्या दिवाळीत मी त्याच्या गावी गेलो. आजोबा सत्तरीच्या पुढचे, गुडघे गेलेले, तरी अंगाला राख लावून बसले होते. अंगणात एक बाई कडेवर तापलेलं लेकरू घेऊन आली. आजोबांनी सोटा त्या लेकराच्या पाठीला अगदी हलका टेकवला, जसं आपण झोपलेल्या माणसाला उठवायला बोट लावतो. मला राहवलं नाही. मी बाईला विचारलं, "दवाखान्यात नेलं का?" तिनं पदराच्या गाठीतून गोळ्यांची पुडी काढून दाखवली आणि माझ्याकडे असं पाहिलं, की पुढचं विचारायचं सुचलं नाही.

मग मी आजोबांना आमचा खेळ समजावला. फासे दाखवले. मात्रा, पहाट, सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. वीस बाजूंचा फासा हातात फिरवून पाहिला. मग म्हणाले, "घ्या ना सोटा. मी कायले नाही म्हनू? पन दंडारी सुटेपर्यंत आंघोळ नाही. आंगावरची राख उतरत नाही. बोलावलं त्या घरी जा लागते, श्रीमंत असो का गरीब. हे तुमच्या त्या खेळात पाळतेत का?"

मी म्हटलं, "नाही पाळत, बाबा."

"मंग ते लाकूड हाये," ते म्हणाले. रागानं नाही. दुकानात मापात कमी पडलं तर सांगावं, तसं.

परतताना बसमध्ये मी यावर विचार करत होतो. आम्ही ड्रुइड खेळतो, त्याला कोणाची हरकत का नाही? कारण ड्रुइडच्या बाजूनं हरकत घेणारं कोणी उरलेलं नाही. ते युरोपातल्या केल्ट लोकांचे पुजारी होते. ज्युलियस सीझरनं लिहून ठेवलंय, की ते आपली विद्या लिहून ठेवणं योग्य मानत नसत. सगळं मुखोद्गत, आणि काही जण तर वीस-वीस वर्षं शिकत राहत. प्लिनी या रोमन लेखकानं त्यांचा पांढरा झगा, ओकचं झाड आणि सोन्याचा विळा यांचं वर्णन केलं. हातातली काठी नंतरच्या चित्रकारांनी दिली. टॅसिटसनं लिहिलंय, की रोमन सैन्यानं ब्रिटनजवळच्या एका बेटावरच्या त्यांच्या देवराया तोडल्या. झाडं गेली, शिकणारे गेले. आज ड्रुइडांबद्दल आपल्याला त्या काळातलं जे काही माहीत आहे, ते त्यांना जिंकणाऱ्यांनी आणि लांबून पाहणाऱ्यांनी लिहिलेलं. त्यांचा स्वतःचा एक शब्द नाही. म्हणून दोन हजार वर्षांनी दोन अमेरिकन माणसांना मोकळं रान मिळालं. काठीत दहा मात्रा घाला, वीस घाला, कोण विचारणार?

घुसाडीचा सोटा कोणाच्या तरी हातात आहे. त्याचे नियम सांगणारा माणूस अंगणात बसलेला आहे. म्हणून तो खेळात येऊ शकत नाही. आणि ज्या दिवशी तो निर्धास्तपणे खेळात आणता येईल, त्या दिवशी तो संपलेला असेल. त्या रविवारी आम्ही टेबलावर ठरवलं, सोटा आपल्या गोष्टीत येणार नाही. त्या मुलाच्या ड्रुइडला आम्ही धावड्याची काठी दिली.

पण खरा प्रश्न त्या मुलाचा होता. त्या बसमध्येच त्यानं मला सांगितलं. आजोबांनी त्याला विचारलं होतं, "पुढच्या वर्षी कोन?" वडील नाहीत, काका दूर नोकरीला. तो गप्प बसला होता. मला म्हणाला, "काका, तुमच्या टेबलावर मी सहा जणांसमोर काठी उचलून मंत्र म्हणतो, मला लाज वाटत नाही. गावात तेच करायचं म्हटलं की वाटतं, कोणी व्हिडिओ काढेल, कॉलेजच्या ग्रुपवर येईल, पोरं हसतील." मी काय सांगणार होतो? लाज नको वाटून घेऊ, असं म्हणणं सोपं असतं. हसणार ती माझ्या-तुमच्या घरची मुलं असतात. आणि ती हसायला शिकतात ते आपल्याकडून. आपण शाळेत असताना पोडावरून येणाऱ्या मित्राच्या बोलण्याला वर्ग हसायचा. हे सगळ्यांना आठवतं. तोही आज इथं आहे आणि त्यालाही आठवतं.

मी त्याला काहीही सांगितलं नाही. वर्षभर तो खेळायला येत राहिला. ड्रुइड म्हणून जनावरांशी बोलत राहिला, काट्यांच्या भिंती उभ्या करत राहिला. या वर्षी कोजागिरी झाल्यावर त्याचा फोनवर निरोप आला. एवढाच:

"काका, दिवाळीपर्यंत रविवारी येणार नाही. आंघोळ बंद आहे."

मी तो निरोप बायकोला वाचून दाखवला. तिला आधी काही कळेना. मला मात्र पुढचं काही लिहिता आलं नाही. मी नुसतं "बरं" लिहिलं. टेबलावर त्याचा ड्रुइड सध्या एका झाडाखाली झोपलेला आहे. येईल तेव्हा उठवू.

मित्रहो, मला या भाषणातून उपदेश करायचा नाही. तो करण्याचा अधिकार व्यासपीठावर बसलेल्यांचा. पण वर्गणीतून उरलेल्या पैशाचं काय करायचं, यावर समिती आज संध्याकाळी चर्चा करणार आहे असं कळलं, म्हणून दोन सूचना मांडतो.

पहिली सूचना. शाळेच्या मागच्या कुंपणाला, जिथं निरगुडी होती, तिथं आता सिमेंटचे खांब आहेत. खांबांच्या आतल्या बाजूनं एक ओळ लावू. धावडा, तिवस, मोई, पांगारा, शेवगा, मानवेल, आणि हो, सरांच्या मानासाठी निरगुडी. प्रत्येक झाडाजवळ पाटी असावी आणि पाटीवर तीन नावं असावीत: मराठी, गोंडी आणि कोलामी. गोंडी आणि कोलामी नावं पुस्तकातून घेऊ नयेत. मुलांनी घरी जाऊन आजी-आजोबांना विचारून आणावीत. दोन घरांतून दोन नावं आली तर दोन्ही लिहावीत. आपला वनखात्यातला मित्र रोपं मिळवून देतो म्हणाला आहे आणि पोडावरचा मित्र मानवेल कसा लावायचा, कोणत्या वर्षी कसा तोडायचा, ते मुलांना दाखवतो म्हणाला आहे. या कामासाठी दोघं एकाच बाकावर आणखी एकदा बसतील.

दुसरी सूचना शिक्षकांसाठी, अदबीनं. मुलं असले गोष्टीचे खेळ खेळताना दिसली तर लगेच वह्या जप्त करू नका. त्यांच्या वहीत राक्षसांची चित्रं असतील, फाशांचे आकडे असतील. फक्त एक प्रश्न विचारा, "तुझ्या पात्राच्या हातातली काठी कशाची?" ओक म्हणाला तर त्याला शाळेच्या मागे घेऊन जा. मला खात्री आहे, अर्ध्या तासात ती मुलं धावडा आणि तिवस यांतला फरक सालीवरून सांगतील. गणितापेक्षा लवकर शिकतील. गणिताच्या सरांची माफी मागून सांगतो.

आणखी एक गोष्ट, आणि ती सूचना नाही. दंडारी नुकत्याच सुटल्या आहेत. या दिवसांत कोणाच्या दारात घुसाडी येऊन गेला असेल, कोणाच्या मुलानं मोबाइलवर व्हिडिओ काढला असेल. तो पुढे पाठवण्याआधी त्या मुलाला एवढं सांगा, की त्या मोरपिसांखाली कदाचित तुझ्यासारखाच कॉलेजात जाणारा पोरगा आहे. त्यानं पंधरा दिवस आंघोळ केलेली नाही, आणि तो हे स्वतःहून करतो आहे.

सर, बाई, आपण आम्हाला घडवलंत, हे वाक्य प्रत्येक भाषणात असतंच. माझ्या भाषणात ते वेगळ्या शब्दांत सांगतो. आपण पोडावरच्या मुलाला आणि सावकाराच्या मुलाला एकाच बाकावर बसवलंत. त्या काळात त्याबद्दल आपल्याला घरोघरी ऐकून घ्यावं लागलं होतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. आज इथं जे शेजारी बसून जेवत आहेत, त्यांना त्या बाकानं बसायला शिकवलं.

जेवणाची वेळ होत आली आहे आणि स्वयंपाकघरातून भाकरी आणि झुणक्याचा वास इथपर्यंत येतो आहे. वांग्याच्या भाजीवर कोणत्याच जादूच्या काठीचा इलाज चालत नाही, म्हणून थांबतो.